गिटारचा सौम्य सूर आणि ध्वनिवर्धकाची निवड

‘नगाऱ्याची घाय, तेथें टिमकीचें काय’ अशी एक म्हण मराठींत आहे. अमेरिकेंतील जॅझच्या वाद्यवृंदांत १९३० च्या सुमारास गिटारची अवस्था नेमकी या टिमकीसारखी होती. एका बाजूस चार-पांच सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूस ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या पितळी रांगा, मागें ढोल-झांजांचा संच, आणि या सर्वांच्या कोपऱ्यांत खुर्चीवर बसलेला गिटारवादक. त्याचा हात रात्रभर चाले. परंतु नाचणाऱ्या मंडळींस तो दिसे, ऐकूं मात्र क्वचितच येई. त्याला चार क्षण एकट्यानें वाजवूं द्यावें असें नायकाच्या मनांत आलें, तरी बाकीच्या वाद्यांस गप्प बसविल्यावांचून तें शक्य नसे. वाद्य गोड आहे, वादक कसबी आहे, आणि तरीहि भरसभेंत त्याला बोलण्याचा हक्क नाहीं, हा प्रकार संगीताच्या इतिहासांत नवा नव्हे. दिवाणखान्यांत रंगणाऱ्या रुद्रवीणेलाहि मोठ्या सभागृहांत पाऊल टाकतांना हीच अडचण आली.

मुंबईच्या रसिकांस हें संगीत अगदींच अपरिचित नाहीं. १९३५ मध्यें लिऑन ॲबी याचा निग्रो वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक गोमंतकीय वादकांनीं ही विद्या आत्मसात् करून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेली. परंतु या संगीतांतील गिटारला स्वतःचा आवाज कसा मिळाला, आणि तो आवाज देणाऱ्या यंत्राची निवड हा प्रश्न आजहि वादकांना का छळतो, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

जॅझच्या पहिल्या काळांत ताल धरण्याचें काम बहुधा बॅन्जोकडे असे. चामडें ताणून मढविलेलें तें वाद्य. त्याचा आवाज कोरडा, टणत्कारी आणि दूरवर पोंचणारा. ध्वनिमुद्रणाच्या जुन्या पद्धतींत सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यापुढें उभे राहत, आणि त्या कर्ण्यांत बॅन्जो सहज शिरे, गिटार बाहेरच राही. १९२५ मध्यें मायक्रोफोनच्या साहाय्यानें विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि पारडें फिरलें. मायक्रोफोनपुढें गिटारचा हळुवार सूरहि उमटूं लागला. फिलाडेल्फियाचा एडी लँग हा या संधीचा पहिला मोठा मानकरी. १९३३ मध्यें तो अकालीं वारला, पण तोंपर्यंत बॅन्जोचे दिवस भरले होते. व्हायोलिनप्रमाणें कमानदार पाठ आणि इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराचीं छिद्रें असलेली गिब्सन कंपनीची ‘एल-५’ गिटार १९२२ पासून बाजारांत होतीच. पण मायक्रोफोननें ध्वनिमुद्रिकेंत दिलेली जागा नृत्यगृहांत मिळेना. तेथें पितळेचेंच राज्य होतें.

हें कोडें विजेनें सोडविलें, पण तें एका रात्रींत नव्हे. १९०६ मध्यें ली डी फॉरेस्ट यानें तीन अग्रांची नलिका तयार केली. क्षीण विद्युत्प्रवाहास बळ देणारे, जुन्या रेडिओ-यंत्रांतून सर्वांच्या परिचयाचे झालेले व्हॉल्व्ह याच वंशांतले. १९२५ च्या सुमारास राईस आणि केलॉग या संशोधकांनीं हलत्या वेटोळ्याचा कर्णा सिद्ध केला. आतां उणीव होती ती तारेच्या कंपनाचें विजेंत रूपांतर करण्याची. त्या काळीं अमेरिकेंत मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या हवाई पद्धतीच्या गिटारचें वेड होतें. लॉस एंजलिस येथें जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३१-३२ मध्यें नालाच्या आकाराचे लोहचुंबक बसवून असें एक वाद्य तयार केलें. त्याचा गोल देह आणि लांब दांडा पाहून लोक त्याला ‘तळण्याचा तवा’ म्हणत. त्यामागील तत्त्व सोपें आहे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत थरथरली कीं शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यांत तितक्याच कंपनांचा प्रवाह निर्माण होतो. तो व्हॉल्व्हनें वाढवावा आणि कर्ण्यांतून पुन्हां नादरूपानें बाहेर काढावा. अशा रीतीनें गिटारच्या लांकडी पोटाइतकेंच, किंबहुना अधिक महत्त्व जमिनीवर ठेवलेल्या एका पेटीला प्राप्त झालें.

मिशिगन प्रांतांतील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीनें १९३५-३६ मध्यें प्रथम हवाई गिटार आणि मागोमाग नेहमींच्या पद्धतीची ‘ईएस-१५०’ ही गिटार विक्रीस आणली. तिच्या जोडीचा ध्वनिवर्धक ‘ईएच-१५०’ या नांवाचा होता. गिटार आणि ध्वनिवर्धक मिळून किंमत सुमारें १५० डॉलर; नांवांतील आंकडा त्यावरूनच आला. प्रवासी पेटीसारखा दिसणारा तो ध्वनिवर्धक. शक्ति सुमारें १५ वॉट. कर्ण्याचा व्यास प्रथम १० इंच व पुढें १२ इंच. आजच्या मानानें हें खेळणेंच म्हणावें लागेल. परंतु एका पिढीचा ‘खरा जॅझ सूर’ या खेळण्यांतून निघाला. १९३८ च्या मार्च महिन्यांत जॉर्ज बार्न्स आणि एडी डर्‌हॅम या दोघांनीं, निरनिराळ्या मंडळींबरोबर, विद्युत्-गिटार ध्वनिमुद्रित केली. मात्र तिला कीर्ति मिळावयाची होती ती तिसऱ्याच्या हातून.

चार्ली ख्रिश्चन याचा जन्म १९१६ मध्यें टेक्सास प्रांतांतील बॉनहॅम येथें झाला आणि तो ओक्लाहोमा सिटींत गरिबींत वाढला. पियानोवादिका मेरी लू विल्यम्स हिनें त्याची वाखाणणी केली, आणि ती ऐकून ध्वनिमुद्रिकांचा निर्माता जॉन हॅमंड मुद्दाम त्याच्या गांवीं गेला. ऑगस्ट १९३९ मध्यें हॅमंडनें त्याला कॅलिफोर्नियांत बोलावून घेतलें आणि क्लॅरिनेटचा सम्राट बेनी गुडमन याच्यापुढें उभें केलें. पहिली भेट निष्फळ ठरली. भडक पोशाखांतला तो पोरगा आणि त्याची ती विजेची पेटी पाहून गुडमनला कांहींच उत्साह वाटला नाहीं. त्याच रात्रीं बेव्हर्ली हिल्स येथील एका उपाहारगृहांत गुडमनचा कार्यक्रम होता. तो जेवणासाठीं व्यासपीठावरून खालीं उतरला असतां हॅमंड आणि एक वादक यांनीं स्वयंपाकघराच्या वाटेनें तो ध्वनिवर्धक आंत आणून गुपचुप व्यासपीठावर मांडला. गुडमन परत आला तेव्हां परका पोरगा वादकांच्या रांगेंत बसलेला! चारचौघांत तमाशा नको म्हणून त्यानें राग गिळला, आणि हा मुलगा फजीत होईल अशा समजुतीनें ‘रोझ रूम’ ही चीज सुरू केली. हॅमंडच्या आठवणीप्रमाणें ती चीज पाऊण तासाच्या वर चालली. आवर्तनामागून आवर्तन संपे आणि ख्रिश्चन पुन्हां नवें कांहीं सांगे. २ ऑक्टोबर रोजीं गुडमनच्या सहा वादकांच्या मेळाचें न्यूयॉर्क येथें पहिलें ध्वनिमुद्रण झालें, त्यांत ख्रिश्चनची गिटार क्लॅरिनेटच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ध्वनिवर्धकामुळें गिटारचा आवाज केवळ मोठा झाला नाहीं, तो लांबला. साध्या गिटारची तार छेडतांच सूर उमटतो आणि मावळूं लागतो. ध्वनिवर्धकाच्या योगें तो मावळता भागहि कानीं पडूं लागला, आणि वादकाला सॅक्सोफोनसारखें श्वास घेत, वाक्यामागून वाक्य बोलतां येऊं लागलें. शिवाय तारेच्या मधल्या भागाजवळ मूळ नादाचें कंपन अधिक व उपस्वर कमी असतात, तर घोडीजवळ उपस्वरांचा कलकलाट अधिक. गिब्सनचें चुंबक पडद्यांच्या शेवटालगत बसविलेलें होतें, म्हणून त्याचा सूर भरदार आणि गोल निघे. त्या काळच्या कर्ण्यांतून दर सेकंदास पांचएक हजारांहून अधिक कंपनांचे तीक्ष्ण नाद फारसे बाहेर पडत नसत. त्यामुळें जो घनगंभीर, किंचित् काळोखी सूर आज जॅझ-गिटारचें परंपरागत लक्षण समजला जातो, तो बऱ्याच अंशीं त्या यंत्रांच्या अपुरेपणाचें फळ आहे. इतकेंच नव्हे, तर १५ वॉटच्या पेटीवर ताण पडला कीं सुराला बारीकसा खरबरीतपणा येई, आणि तोहि ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकूं येतो. ‘शुद्ध’ म्हणून पुजला जाणारा मूळ सूर स्वतः पूर्ण शुद्ध नव्हता, हें शुद्धतेच्या उपासकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ख्रिश्चनला दोन वर्षेंहि धड मिळालीं नाहींत. गुडमनचा कार्यक्रम संपल्यावर तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील ‘मिंटन्स’ या ठिकाणीं जाई, आणि तेथें पहांटेपर्यंत चालणाऱ्या मैफलींतून पुढल्या दशकांतील नव्या जॅझची बीजें रुजलीं. १९४१ मध्यें तेथें झालेलीं कांहीं ध्वनिमुद्रणें सुदैवानें टिकून आहेत. त्याच वर्षीं क्षयानें त्याला अंथरुणास खिळविलें, आणि २ मार्च १९४२ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

त्यानंतर ध्वनिवर्धकांची शक्ति वाढत गेली. कॅलिफोर्नियांतील रेडिओ-दुरुस्तीचा जुना कारागीर लिओ फेंडर यानें १९५२ मध्यें दोन कर्ण्यांचा ‘ट्विन’ काढला. १९६३ च्या ‘ट्विन रिव्हर्ब’ची शक्ति ८५ वॉटांच्या घरांत गेली. येथें सामान्य माणसाची समजूत हटकून चुकते. शक्ति दहापट झाली तर कानाला आवाज केवळ दुपटीच्या सुमारास वाटतो. म्हणजे १५ चे ८५ वॉट झाले, तरी आवाज दुप्पटहि झाला नाहीं. मग लाभ कोणता? लाभ हा कीं यंत्रावर ताण न पडतां सूर स्वच्छ राहतो. जॅझच्या वादकाला याची गरज विशेष. त्याचे स्वरसंघात चार-पांच सुरांचे, परस्परांशीं सूक्ष्म नात्यांनीं बांधलेले असतात. ताणाखालीं आलेलें यंत्र त्या सुरांच्या मिश्रणांतून मुळांत नसलेले नवेच नाद उत्पन्न करतें, आणि नाजूक विणीचें लुगडें चिखलांत पडावें तशी त्या संघाताची गत होते. रॉक संगीताच्या वादकांनीं पुढें याच दोषाला गुण मानून त्यावर आपली सारी कला उभारली. एकाच यंत्रापासून फुटलेल्या या दोन वाटा. एकीला जें वर्ज्य, तेंच दुसरीला भूषण.

व्हॉल्व्हच्या जागीं ट्रान्झिस्टर आल्यावर पेट्या हलक्या व अधिक विश्वासू झाल्या. ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारें २९ किलो वजनाचा. तो जिना चढवितांना वादकाची कला दमून जाई. १९७५ मध्यें जपानच्या रोलंड कंपनीचा ‘जॅझ कोरस’ निघाला. त्याच दशकांत पॉलिटोन कंपनीचा आटोपशीर ध्वनिवर्धक आला आणि जो पास यासारख्या थोर वादकानें तो आपलासा केला. व्हॉल्व्हवरच श्रद्धा ठेवणारे अर्थातच पुष्कळ राहिले, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

परंपरागत सूर हवा असणाऱ्यानें मग निवड कशी करावी? अनुभवी वादकांचा क्रम असा दिसतो कीं, पेटीच्या आधीं गिटार, आणि गिटारच्या आधीं हात. पोकळ देहाची गिटार, सपाट गुंडाळीच्या जाड तारा, पडद्यांलगतचें चुंबक आणि तीव्र नाद कमी करणारी कळ, एवढ्यानें निम्मा सूर सिद्ध होतो. पेटींत पाहावयाचें तें हें कीं, ज्या जागेंत वाजवावयाचें तेथें ती अर्ध्या शक्तीवर निर्मळ राहते कीं नाहीं. लहान खोलीसाठीं १५-२० वॉटांचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक पुरतो. ढोलवाला सोबत असेल तर अधिक शक्ति हवी. मागून बंद असलेल्या पेटींत खर्ज भरीव येतो, उघड्या पेटींत नाद सर्वत्र पसरतो. पोकळ गिटारला एक जन्मजात व्याधि आहे: कर्ण्याचा नाद तिच्या पोटांत शिरून पुन्हां चुंबकावाटे पेटींत जातो, आणि हुंकार उठतो. अशा वेळीं खर्ज कमी करावा, बसण्याची जागा बदलावी, किंवा पेटी जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवावी. हे उपाय फुकटचे आहेत, आणि नव्या यंत्राच्या खरेदीपूर्वीं ते करून पाहणें शहाणपणाचें.

मात्र यंत्र सारें देत नाहीं, याचीं दोन उदाहरणें बोलकीं आहेत. इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी दिवसा रेडिओचे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत राबे आणि फावल्या वेळांत सराव करी. नव्या ध्वनिवर्धकाचा आवाज शेजाऱ्यांना सोसवेना, म्हणून त्यानें हातांतील नखी टाकून अंगठ्याच्या मांसल भागानें तारा छेडण्यास आरंभ केला. आणि ज्या मखमली सुरासाठीं जग त्याला ओळखतें तो सूर या शेजारधर्मांतून जन्मला. दुसरें उदाहरण फ्रेडी ग्रीनचें. १९३७ पासून १९८७ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो काउंट बेसीच्या वृंदांत बसला, आणि त्याची ओळख राहिली ती ध्वनिवर्धकावांचूनच्या गिटारची. तिचा ठेका श्रोत्यांस वेगळा ऐकूं येत नसे. पण तो थांबला असता तर सारा वृंद डळमळला असता.

ख्रिश्चननें बोलण्याचा हक्क मिळविला, ग्रीननें मौनाची प्रतिष्ठा राखली. या दोहोंचा मेळ जिम हॉल याच्या वादनांत दिसतो. गिब्सनच्या ‘जीए-५०’ या जुन्या पेटीवर वाजवणाऱ्या त्या वादकाची दृष्टि अशी होती कीं, ध्वनिवर्धक हा मोठ्यानें वाजविण्यासाठीं नसून अधिक हळू वाजवितां यावें यासाठीं आहे. हात हलका ठेवावा, आणि तो हलकेपणा शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावा. टिमकीला नगारा करणें हें यंत्राचें काम नव्हे. नगाऱ्याशेजारीं टिमकी टिमकीच राहून ऐकूं यावी, एवढेंच त्याच्याकडून मागावयाचें. तें जें यंत्र देईल, तें निवडावें.