सस्तन प्राण्यांतील रेट्रोव्हायरस

रेट्रोव्हिरिडी कुलातील आरएनए विषाणू. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकरामुळे ते आपल्या आरएनएवरून डीएनए घडवतात आणि तो पोशिंद्याच्या गुणसूत्रात कायमचा घुसवतात. हे विकर टेमिन व बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले.

कुलाची ऑर्थोरेट्रोव्हिरिनी आणि स्प्यूमारेट्रोव्हिरिनी अशी दोन उपकुले आहेत. पहिल्यातील सहा प्रजातींपैकी अल्फा पक्ष्यांत, एप्सिलॉन माशांत आढळते. सस्तनांना बाधतात त्या बीटा (उंदराच्या स्तनार्बुदाचा विषाणू), गॅमा, डेल्टा (गुरांचा रक्तकर्क, माणसातील एचटीएलव्ही-१) आणि लेंटी. दुसऱ्या उपकुलातील फेसाळ विषाणू सहसा रोग करीत नाहीत.

पोशिंद्यावरून वर्गीकरण करू गेल्यास फसगत ठरलेली. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यातील मांजर घ्या. एकाच वाडग्यातले दूध पिऊन, एकमेकांना चाटून लाळेवाटे पसरणारा मांजरांचा रक्तकर्क विषाणू गॅमा गटातला. कौलांवरच्या मारामारीत चाव्यातून शिरणारा एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) मात्र लेंटी, म्हणजे एचआयव्हीचा भाऊबंद. तरीही तो माणसाला होत नाही, तेव्हा मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

काही रेट्रोव्हायरस जननपेशींत शिरून वंशपरंपरागत झाले. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा अवशेषांचा आहे.

एचआयव्हीचे १ व २ असे दोन प्रकार आहेत. त्यामुळे होणाऱ्या एड्सवरील संशोधनासाठी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. भारतात प्रामुख्याने एचआयव्ही-१ चा ‘सी’ उपप्रकार आढळतो.