अ‍ॅल्युमिनियम जोडकाम, जुन्या मोटारींचे

जुन्या मोटारींतील अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे व ओतीव भाग वेल्डिंगने किंवा रिव्हेटने सांधण्याचे काम. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा असल्याने 1948 च्या लँड रोव्हरची बॉडी बर्माब्राइट या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूची केली गेली. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचे हेडही अ‍ॅल्युमिनियमचे असे.

खरी अडचण धातूवरच्या ऑक्साइडच्या थराची. अ‍ॅल्युमिनियम 660° से. ला वितळते, हा थर मात्र 2,000° से. च्याही वर. शिवाय तापताना धातू लाल होत नाही. नवशिक्याचा पत्रा बघता बघता गळून पडतो. म्हणून टंगस्टन इलेक्ट्रोड, प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह व आरगॉन वायू वापरतात. प्रवाहाच्या एका अर्धचक्रात थर फुटतो, दुसऱ्यात उष्णता आत जाते. गॅरेजात याला ‘आरगॉन वेल्डिंग’ म्हणतात. गॅस वेल्डिंगही चालते. पण त्याचा फ्लक्स गरम पाण्याने पूर्ण धुतला नाही, तर सांधा पुढे खाल्ला जातो.

जुन्या ओतीव भागात वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. नुसते पुसून वेल्डिंग केल्यास सांध्यात छिद्रे पडतात. भाग नीट धुऊन, तापवून, तेल बाहेर काढण्यातच कारागिराची निम्मी मेहनत जाते, आणि ती टाळू नये.

पोलादी सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थेट टेकला आणि ओल लागली, की अ‍ॅल्युमिनियम झिजते. दोहोंमध्ये रंगाचा, सीलंटचा किंवा रबराचा थर हवाच.