दूरवाणीनगर आणि पुसलेला क्रमांक

बंगळूरच्या पूर्व भागात के. आर. पुरम नावाचे उपनगर आहे. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांना ते तारांचा पूल, टिन फॅक्टरीजवळची वाहनांची कोंडी आणि २०२३ पासून मेट्रोचे स्थानक एवढ्यापुरतेच परिचित असते. याच परिसरात दूरवाणीनगर आहे. आपण ज्याला दूरध्वनी म्हणतो त्याला कन्नडमध्ये दूरवाणी म्हणतात. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'आयटीआय', १९४८ मध्ये येथे स्थापन झाली आणि तिच्या वसाहतीला हे नाव मिळाले. स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या सार्वजनिक उद्योगांत तिची गणना होते.

माझे काही वर्षे या भागात वास्तव्य होते. येथे पाहिलेल्या एका लहानशा घटनेने मला प्रशासनाच्या एका मोठ्या प्रश्नाकडे वळवले. जुने दूरसंचार जाळे बंद करायचे ठरते, तेव्हा त्यावर विसंबून असलेल्या ग्राहकाची तयारी कोणी करून घ्यायची? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो तसा नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आयटीआयमध्ये आरंभी ज्या पद्धतीची स्वयंचलित केंद्रे तयार झाली, तिला स्ट्राउजर पद्धत म्हणत. अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर यांनी १८९१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यांचा मूळ व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. तबकडी फिरवली की केंद्रातील यंत्राचा दांडा टकटक करीत पायऱ्या चढे आणि हव्या त्या तारेला जोडला जाई. त्यानंतर आली क्रॉसबार पद्धत. १९६४ मध्ये बेल्जियममधील बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीशी करार होऊन 'पेंटाकोंटा' जातीची केंद्रे येथे तयार होऊ लागली. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल कंपनीच्या सहकार्याने इलेक्ट्रॉनिक केंद्रे आली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. राणी चन्नम्मांचे कित्तूर सीमाभागातील वाचकांना तरी वेगळे सांगायला नको.

पेंटाकोंटाची कथा बोधप्रद आहे. युरोपात एका दूरध्वनीवर दिवसाकाठी जेवढी संभाषणे होतात, तेवढे गृहीत धरून ही यंत्रे आखलेली होती. आपल्याकडे दूरध्वनी थोडे आणि बोलणारे फार. एकाच्या घरी फोन आला की तो आळीचा फोन होई. आणि जोडणी लागली नाही तर माणूस पुन:पुन्हा तबकडी फिरवीत राही. त्या भाराखाली केंद्रे गुदमरू लागली आणि शेवटी भारतीय अभियंत्यांना पद्धतीतच बदल करावे लागले. यंत्रात दोष असण्यापेक्षा ते वापरणाऱ्या माणसाविषयीचे गृहीतक चुकले होते. हा धडा पुढेही उपयोगी पडणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. स्ट्राउजरचे केंद्र मोडून त्या जागी क्रॉसबारचे किंवा इलेक्ट्रॉनिक केंद्र उभे राहिले, तेव्हा ग्राहकाला काय करावे लागले? जवळजवळ काहीच नाही. घरातील काळे उपकरण खात्याच्या मालकीचे होते. जुन्या तबकडीचे ठोके नव्या केंद्रालाही समजतील अशी व्यवस्था होती. बदल रात्रीतून होई आणि सकाळी ग्राहक त्याच उपकरणावरून बोलत असे. क्रमांक बदलला तर नवी निर्देशिका छापली जाई आणि जुन्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येई. २००२ मध्ये मुंबईचे सात आकडी क्रमांक आठ आकडी झाले, तेव्हाही जुन्या क्रमांकापुढे केवळ २ हा आकडा लावायचा होता. घरोघरच्या आजीलाही ते समजले.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. जोडणीसाठी वर्षानुवर्षे रांगेत राहिलेल्या पिढीतील मी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात मिळून लाखभर दूरध्वनीही नव्हते. मूठभर ग्राहकांना सांभाळणे सोपे होते. परंतु संक्रमणाचा भार व्यवस्थेने उचलायचा, ग्राहकाने नव्हे, हे तत्त्व तेथे न लिहिता पाळले जात होते, एवढे मान्य करायला हवे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि देशात नवे युग सुरू झाले. या युगात एक बदल फारसा चर्चेविना घडून गेला. उपकरण ग्राहकाचे झाले. जाळे कंपनीचे, लहरी सरकारच्या आणि हातातला संच ग्राहकाचा. त्यामुळे जाळे बदलले की संच बदलण्याचा भारही आपोआप ग्राहकावर आला. तो त्याला पेलेल की नाही, हे कोणी विचारले नाही.

के. आर. पुरमच्या बाजाराजवळ एका शिंपीदादांचे दुकान होते. कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेल्या भावसार समाजातील हे गृहस्थ. त्यांच्या घरी बोलली जाणारी मराठी ऐकून प्रथम मला हसू आले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. इतक्या पिढ्या परमुलखात ती टिकवणे माझ्याच्याने झाले असते का, कोण जाणे. दुकानाच्या पाटीवर कन्नड, इंग्रजी आणि कोपऱ्यात मराठीतही नाव होते आणि खाली ठळक अक्षरांत भ्रमणध्वनी क्रमांक. त्याच क्रमांकावर गिऱ्हाइके येत, त्याच क्रमांकाशी बँकेचे खाते जोडलेले होते.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने जाळे बंद करण्याचे ठरवले. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तिने नियमाप्रमाणे सूचना दिली होती. ती इंग्रजी संदेशाच्या रूपात आली आणि दिवसाकाठी येणाऱ्या दहा जाहिरातींच्या संदेशांत हरवली. शिंपीदादा माझ्याकडे आले तेव्हा संचावर क्वचितच एखादी रेघ उमटत होती.

"साहेब, कंपनी बंद पडली तर पडू दे हो. आकडा तेवढा राहिला पाहिजे," ते म्हणाले.

क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात २०११ च्या जानेवारीपासून सर्वत्र आहे. त्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून एक संकेतांक मिळवावा लागतो. संदेश पाठवायचा तो त्याच सिमकार्डावरून, म्हणजे जे जाळे शेवटचे श्वास घेत आहे त्याच जाळ्यातून! आम्ही दोघे गच्चीवर गेलो, पुलाकडे गेलो, पहाटे उठून प्रयत्न केले. संदेश गेला नाही. कंपनीच्या दुकानात गर्दी होती आणि दोन दिवसांनी कुलूप होते. क्रमांक गेला. बँकेत नवा क्रमांक नोंदवायला दीड महिना लागला. पाटीवरील जुन्या आकड्यांवर पांढरा रंग मारून नवे आकडे लिहिले गेले. तरी उन्हात जुने आकडे खालून दिसत असत.

या प्रसंगी नियमांचा अभाव नव्हता. परवाना परत करणाऱ्या कंपनीने सरकारला ६० दिवस आणि प्रत्येक ग्राहकाला ३० दिवस आधी सूचना द्यावी, अशी अट परवान्यातच होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सची ध्वनिसेवा २०१७ च्या डिसेंबरमध्ये थांबली, पुढे ३० जानेवारी २०१८ पासून एअरसेलची सेवा महाराष्ट्रासह सहा परिमंडलांत बंद झाली. दोन्ही वेळी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकांना क्रमांक हलवण्यासाठी मुदत दिली. कागदावर सर्व काही होते. परंतु 'सूचना पाठवली' आणि 'ग्राहक तयार झाला' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेथेच शिंपीदादांचा क्रमांक हरवला. प्रशासनात आपण नेहमी पहिल्या वाक्यावर शिक्का मारतो आणि फाइल बंद करतो.

येथे तारेची आठवण होते. १४ जुलै २०१३ हा भारतातील तारसेवेचा शेवटचा दिवस. लोकांनी रांगा लावून आठवणीसाठी तारा पाठवल्या. तो निरोप हृद्य होता, कारण तोवर कोणाचेही दैनंदिन जीवन तारेवर उभे नव्हते. भ्रमणध्वनीचे तसे नाही. आज क्रमांक हीच माणसाची ओळख झाली आहे. बँक, निवृत्तिवेतन, स्वयंपाकाचा गॅस, आधार, सर्व त्या दहा आकड्यांना बांधलेले आहे.

परदेशांतही हा प्रश्न सुटसुटीत नव्हता. ऑस्ट्रेलियातील वाचकांना २०२४ सालचा अनुभव आठवत असेल. ३जी बंद करण्याची तारीख जवळ आल्यावर लक्षात आले की काही संच एरवी ४जीवर बोलतात, पण ०००, म्हणजे आणीबाणीचा क्रमांक, लावताना गुपचूप ३जीकडे वळतात. तारीख पुढे ढकलली गेली आणि २८ ऑक्टोबर २०२४ रोजी टेलस्ट्रा व ऑप्टस यांनी जाळी बंद केली. तत्पूर्वी ३४९८ या क्रमांकावर एक संदेश पाठवून आपला संच चालेल की नाही, हे ग्राहकाला तपासता येत होते. ब्रिटनमध्ये जुन्या तांब्याच्या तारांवरील दूरध्वनी २०२५ च्या अखेरीस बंद होणार होते. वृद्धांच्या गळ्यातील मदतीच्या बटनाचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. दोन्ही ठिकाणी यंत्रापेक्षा माणसाच्या सवयींनी तारीख ठरवली. पेंटाकोंटाचा धडा हाच होता.

आपल्याकडे एअरटेलने २०१९-२० मध्ये ३जी टप्प्याटप्प्याने बंद केले. तेव्हा फारसा गोंधळ झाला नाही, कारण बोलण्यासाठी खाली २जी शिल्लक होते. खरी परीक्षा २जी बंद होईल तेव्हा आहे, कारण त्याच्याखाली आधार देणारे दुसरे काही नाही. २०२० मध्ये मुकेश अंबानी यांनी २जीला इतिहासजमा करण्याचे जाहीर आवाहन केले, तेव्हा त्यांनीच अशा ग्राहकांची संख्या ३० कोटी सांगितली होती. त्यानंतर ती घटत असली तरी उरतील ते सर्वांत गरीब, सर्वांत वृद्ध आणि सर्वांत दूरचे असतील. शिवाय केवळ माणसेच २जीवर नाहीत. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या शेतात मोटारीच्या पेटीत मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. रात्री वीज आली की शेतकरी अंथरुणातूनच मोटार चालू करतो. त्या पेटीत बहुधा २जीचेच सिमकार्ड असते. त्या पेटीला इंग्रजी संदेश पाठवून काय उपयोग?

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी कराव्यात. सूचना ग्राहकाच्या भाषेत आणि आवाजी असावी, कारण साधा संच वापरणारे कित्येक जण संदेश वाचत नाहीत. आठवड्याच्या बाजारात शिबिरे भरवून संच हातात घेऊन तपासावेत. जाळे बंद झाल्यावरही निदान ९० दिवस, ओळखपत्र दाखवून, कोणत्याही कंपनीच्या दुकानात क्रमांक हलवता यावा. आणि बंद करण्याची परवानगी पाठवलेल्या सूचनांच्या संख्येवर न देता तयार झालेल्या ग्राहकांच्या संख्येवर द्यावी. या शेवटच्या अटीने खर्च वाढेल, हे खरे. परंतु मोकळ्या होणाऱ्या लहरींचा लाभ कंपन्यांना मिळणार असेल, तर संक्रमणाचा खर्च शिंपीदादांनी का सोसावा?

हे होईल तेव्हा होईल. घरापासून दूर असलेल्या वाचकांना तोवर एक विनंती. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा आईवडिलांचा संच स्वतः पाहा. तो ४जीवर बोलू शकतो का, सिमकार्ड जुने आहे का आणि तो क्रमांक कोठे कोठे जोडलेला आहे, हे एका कागदावर लिहून ठेवा. शेत असेल तर मोटारीची पेटीही उघडून पाहा.

शिंपीदादांचे दुकान पुढे मुलाने दुसरीकडे हलवले. नव्या पाटीवर त्याने क्रमांक रंगवून घेतला नाही. खडूने लिहिला आहे.