पाणचक्कीचा आसरा

पाणचक्की पाहायला आलेला पाहुणा उंचावरून पडणारे पाणी बघतो आणि निघतो. पण मित्रहो, ही जागा एकेकाळी परमुलखातून आलेल्या चाकरमान्यांचा आसरा होती.

औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत आला आणि १७०७ मध्ये इथेच वारला. त्याच्या फौजेत बुखारा-समरकंदकडचे तुराणी शिपाई होते. सरदारांना पगारापोटी जहागिरी मिळत. लढाई लांबली, जहागिरी कागदावरच राहू लागल्या, शिपायांचे पगार थकले. काहींनी धनी बदलले. पण जे टिकले, ते कशाच्या बळावर?

गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या तुराणी फौजेबरोबर बाबा पलंगपोश हिंडत. फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. त्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश. त्यांच्याच मुलखातले बाबा शाह मुसाफिर आपल्या शहरात स्थिरावले. त्यांच्या तकियात नवख्या शिपायाला मुक्काम मिळे, जेवण मिळे आणि मुख्य म्हणजे आपली बोली बोलणारे माणूस भेटे. पुढे उभारलेल्या चक्कीचे पीठही फकिरांच्या आणि वाटसरूंच्या मुखी लागले.

फिरोजजंगाचा बाप समरकंदकडून आलेला. मुलगा, पहिला निजाम, १७४८ मध्ये खुलदाबादच्या मातीत विसावला. परमुलूख असा घर झाला.

आज मराठवाड्यातली मुले दुबई-रियाधला चाकरीला जातात. पगार माणसाला बोलावतो आणि तो वेळेवर हवाच. पण माणूस रमतो तो आपुलकीने. परक्या माणसाला कामावर ठेवणाऱ्याने एवढे विचारावे: संध्याकाळी याच्याशी याच्या भाषेत बोलणारे कुणी आहे का?