जुहूचें जुनें विमान

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाविषयीं आमच्या लालबाग-परळांत पूर्वीं जें कुतूहल असे, त्याच्या शतपट कुतूहल स्वतःचें विमान बाळगणाऱ्याविषयीं वाटावें यांत नवल नाहीं. परंतु विमान विकत घेणें निराळें आणि तें सांभाळणें निराळें. मुंबईच्या विमानांची गोष्ट निघाली कीं पहिलें नांव निघतें तें तळपद्यांचें. १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर त्यांनीं विमान उडविल्याची कथा मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. पण तिला समकालीन भक्कम पुरावा नाहीं, म्हणून ती येथें बाजूस ठेवितों. खरा आरंभ जुहूच्या मैदानावर झाला.

त्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लबांत शिकून जे. आर. डी. टाटा यांनीं १० फेब्रुवारी १९२९ रोजीं पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविला. पुढें दोन लाख रुपयांच्या भांडवलावर आणि दोन 'पस मॉथ' विमानांवर हवाई टपाल सुरू झालें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ते कराचीहून निघाले, अहमदाबादेस बैलगाडींतून आलेले पेट्रोलचे डबे रिकामे करून घेतले, आणि दुपारीं जुहूस उतरले. तेथून बल्लारीमार्गें मद्रासेस टपाल नेलें तें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं.

या यंत्रांचा संसार कसा होता तें पाहण्यासारखें आहे. पस मॉथमध्यें दोघे, अडचण सोसून तिघे बसत. १९३२ च्या 'फॉक्स मॉथ'मध्यें चार उतारू आंत सुखानें बसत आणि चालक बिचारा त्यांच्या मागें उघड्यावर! १९३३ च्या 'लेपर्ड मॉथ'मध्यें पुढें चालक व मागें दोघे. या जातीच्या विमानांस दोन मोठीं चाकें पुढें आणि शेपटीखालीं घसरदांडी किंवा लहानसें चाक असे. जमिनीवर असतां नाक आकाशाकडे, त्यामुळें चालकास समोरचें दिसत नाहीं. नागमोडी चालून वाट पाहावी लागते. शिवाय वजनाचा मध्य पुढील चाकांच्या मागें पडतो. उतरतांना तोंड जरा वांकडें झालें कीं शेपूट पुढें येऊं पाहतें आणि विमान स्वतःभोंवतीं गरकन फिरतें. अशा वेळीं पायांचें कसब कामास येतें, पैशाचें नाहीं.

पंख मागें दुमडतां येत, म्हणून लहानशा छपरींतहि तें मावे. पण लांकूड, सरस आणि कापड यांनीं बनलेल्या वस्तूस मुंबईची दमट हवा म्हणजे घरांतला वैरीच. जुहूचें मैदान तर पावसाळ्यांत भरतीच्या वेळीं समुद्राच्या पातळीखालीं जाई, म्हणून त्या दिवसांत टाटांस आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. दोष नुसता हवेचाच होता असेंहि नव्हे. पस मॉथचे कांहीं अपघात उडतां उडतां पंख तुटून झाले, आणि पंखांचे टेकू सुधारावे लागले. मालकी कागदावर एका दिवसांत होते. तिची किंमत मात्र वर्षानुवर्षें हप्त्यांनीं चुकवावी लागते.

म्हणूनच १५ ऑक्टोबर १९८२ ची घटना मला पहिल्या उड्डाणाहून मोठी वाटते. त्या दिवशीं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनीं एका जुन्या लेपर्ड मॉथमधून तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हां केला. चालकाचें धैर्य कौतुकास्पद खरेंच. पण जवळजवळ अर्धशतकापूर्वींच्या बांधणीचें तें यंत्र सुखरूप आलें, त्याचें काय? असलें विमान संग्रहालयांत कांचेआड ठेवावें असें म्हणणारे पुष्कळ आहेत. माझें मत उलट आहे. न उडणाऱ्या विमानाची निगा हळूहळू नुसत्या झाडलोटीवर येते, आणि तें राखण्याची विद्याहि त्याबरोबर जाते.

त्या वर्षीं मी शाळेंत होतों. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता, आणि परळच्या एका गिरणींत फिटर असलेले माझे वडील घरींच बसून होते. वर्तमानपत्रांतील ती बातमी मीं त्यांस मोठ्यानें वाचून दाखविली. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "इंजिन कोणीं उघडलें होतें रे? सुटे भाग कोठून आणले?" मीं बातमी पुन्हां वाचून पाहिली, त्यांत तें नव्हतें. मग चष्मा लावून त्यांनीं स्वतः तें पान वरपासून खालपर्यंत शोधलें.