प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची छोटी निवासगृहे (नागपूर व विदर्भ)

बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि वयाची अठरा वर्षे उलटलेल्या चार ते दहाबारा स्त्रीपुरुषांनी काळजीवाहकांच्या मदतीने एका घरात कायमचे राहावे, अशी व्यवस्था म्हणजे छोटे निवासगृह. विशेष शाळा, कार्यशाळा, वसतिगृह, बालगृह आणि मनोरुग्णालय या पाचही संस्थांहून ते वेगळे आहे. विदर्भात मात्र त्याचा भार बहुधा या पाचांपैकीच कोणीतरी वाहते, नाहीतर म्हातारे आईवडील वाहतात. अशा घराची चर्चा बहुतेक वेळा संख्येवर अडते : सहा माणसे असावीत की वीस? राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत साधारण वीस जणांची तुकडी धरली आहे. पाश्चात्त्य देशांतील अनेक व्यवस्थांना वीस ही संख्याही मोठी वाटेल. संख्या महत्त्वाची आहेच, पण तिचे महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीमुळे आहे. सहा माणसांचे बिऱ्हाड धंतोलीत किंवा मनीषनगरात मावते, साठ माणसांसाठी शहराबाहेर जमीन पाहावी लागते. वस्तीत असलेल्या घराकडे रोज बाहेरच्यांची नजर जाते. ती नजर हाच अशा घराचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी आहे.

नागपुरातील या प्रश्नाची सुरुवात मनोरुग्णालयापासून करावी लागते. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यातील चार शासकीय मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. ब्रिटिश अमदानीत बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांत कायद्याने भेद केलेला नव्हता; १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्यातील व्याख्येत दोन्ही गट एकाच शब्दाखाली येत होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्या व्याख्येतून काढले आणि २०१७ च्या कायद्याने तेच धोरण पुढे चालवले. हे वर्गीकरण शास्त्राला धरून होते. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, ती बरी होत नाही आणि तिला रुग्णालयाची खाट लागत नाही. पण कायद्याने या माणसांना एका दारातून बाहेर काढले, तेव्हा दुसरे दार कोणी बांधले नव्हते. देशभरातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले लोक आजही आढळतात, ते याच पोकळीमुळे.

पोकळी जुनी असली तरी तिची धग आत्ता जाणवू लागली, याला लोकसंख्येचे कारण आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे होते, आता ते साठीच्या आसपास आहे. पूर्वी असे मूल बहुधा आईवडिलांच्या हयातीतच जाई. आता ते आईवडिलांच्या मागे वीसपंचवीस वर्षे जगण्याची शक्यता खरी आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात देशभरात सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. सौम्य अक्षमता घरात झाकून ठेवली जाते, त्यामुळे हा आकडा कमीच धरावा लागेल. नागपुरात शिक्षणाची सोय तुलनेने लवकर झाली. कमलाबाई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाने प्रसूतिगृहांच्या कामाबरोबर पुढे ‘नंदनवन’ ही मतिमंद मुलांची शाळाही चालवली. पण विशेष शाळांचे शासकीय अनुदान अठराव्या वर्षाशी थांबते. पुढे कार्यशाळा आहेत. तेथे मेणबत्त्या, फाइली, पणत्या होतात आणि संध्याकाळी मुलगा घरी परततो. घरच उरले नाही तर परतायचे कोठे, याचे उत्तर शाळा-कार्यशाळांच्या अनुदानाच्या कोणत्याही तक्त्यात नाही. पालकांच्या सभेत विषय कोणताही असो, ‘आमच्या पश्चात काय?’ यावर गाडी येतेच.

महाराष्ट्रात याची उत्तरे सरकारी योजनांच्या आधी पालकांनी आणि काही हट्टी माणसांनी शोधली. बदलापूरची ‘आधार’ ही पालकांनीच उभारलेली संस्था. दोनशेच्या घरातील प्रौढांना तिने आजन्म आसरा दिला. डोंबिवलीजवळच्या खोणी गावातील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ त्याच प्रेरणेतून, पण लहान आकारात उभे राहिले. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘साधना व्हिलेज’ने निराळी वाट धरली. कार्ल क्योनिग या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ सुरू केलेल्या कॅम्पहिल चळवळीचा आदर्श घेऊन तेथे ‘विशेष मित्र’ गृहमातांसह छोट्या घरांतून राहतात, शेतीत हात लावतात आणि संस्था आसपासच्या खेड्यांतही काम करते. ही शेवटची बाब पत्रकांत शोभेसाठी छापलेली वाटते, पण तीच निर्णायक आहे. गावच्या बायका बचत गटासाठी आवारात येत-जात असतात, तेव्हा आतल्या माणसाच्या हातावरचा वळ झाकून राहत नाही.

विदर्भातले सर्वांत ठळक उदाहरण मात्र या प्रतिपादनाच्या उलट बाजूला उभे आहे, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचे अंबादासपंत वैद्य बालगृह आहे. रेल्वे स्थानके, बसस्थानके आणि उकिरडे येथे टाकून दिलेली दिव्यांग मुले पोलिसांमार्फत तेथे आली, शंभराहून अधिक झाली आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही तेथेच राहिली. कागदोपत्री त्यांना बाबांचे आडनाव मिळाले, काहींची लग्ने झाली, मुलांनी लावलेल्या झाडांनी माळ झाकला. बेवारस दिव्यांगांना अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर काढू नये, असा कायदा व्हावा ही पापळकरांची जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मागणी तशीच आहे. शंभर माणसांची, गावाच्या कडेची संस्था घर होऊ शकते याचा हा पुरावा आहे, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. पण वझ्झर बंद वाड्यासारखे कधीच राहिले नाही. अधिकारी, पत्रकार, शाळांच्या सहली, लग्नांना येणारे वऱ्हाडी यांचा तेथे राबता असतो. म्हणजे वस्तीने जे काम आपोआप केले असते, ते तेथे एका माणसाच्या कीर्तीने केले. जिल्ह्याजिल्ह्यात शंकरबाबा मिळतील असे धरून धोरण आखता येत नाही, आणि कीर्ती हा टिकाऊ बंदोबस्तही नव्हे. फ्रान्समध्ये १९६४ पासून छोट्या सहनिवासांची ‘लार्श’ चळवळ उभी करणाऱ्या झाँ व्हानिए यांना जग संत मानत होते. त्यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये संस्थेनेच नेमलेल्या चौकशीतून त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे बाहेर आले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. तरीही संस्थापकाच्या पुण्याईवर विसंबण्यातला धोका या प्रकरणाने उघडा केला.

नजर नसली की काय होते, याचे दाखले महाराष्ट्राला परदेशातून आणावे लागत नाहीत. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे त्याचे समर्थन होते. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाच्या शरीरात कायमचा बदल करण्याचा तो निर्णय होता, आणि तो घेणाऱ्या खोलीत त्या मुलींच्या बाजूने बोलणारे बाहेरचे कोणी नव्हते. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खासगी संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. चंडीगढच्या शासकीय निवासगृहात बलात्काराला बळी पडलेल्या तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले, की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. शासकीय असो वा खासगी, संस्थेच्या प्रकाराने फरक पडलेला दिसत नाही. नुसत्या लहान आकारानेही पडत नाही : इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे रुग्णालय अवघ्या २४ खाटांचे होते. तेथील मारहाण २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवली, तोवर अधिकृत तपासणी यंत्रणेला ती दिसली नव्हती. राहणाऱ्यांची घरे दूर होती, भेटी ठरावीक दालनात होत आणि शेजार असा नव्हताच. लहान असून बंद असलेली जागा मोठ्या संस्थेइतकीच, कदाचित अधिक धोक्याची असते. कारण तेथे साक्षीदारही कमी असतात.

छोट्या घरावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे आणि तो हिशेबानेच तपासावा. आठवड्याचे तास १६८. एक काळजीवाहक ४८ तास काम करील असे धरले, तर चोवीस तास एक माणूस हजर ठेवायला साडेतीन माणसांचे पगार लागतात. हा खर्च सहा जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्याहून अधिक पगार येतो. वीस जणांच्या निवासात दोन माणसे सतत ठेवली तरी वाटा एक-तृतीयांशाच्या आसपास राहतो. म्हणजे छोटे घर महाग पडते, हे मान्यच करावे लागते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला. सहा जणांचे मिळून होतात १५,००० रुपये. त्यात किराणा भागला तरी पुष्कळ. आज जी घरे कमी खर्चात चालतात, त्यांतील बरीचशी काटकसर तेथेच राहणाऱ्या मावशींच्या न मोजलेल्या तासांतून येते. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला रात्रपाळीचा पगार नसतो. हा हिशेब ताळेबंदात आणला तर मोठ्या संस्थांची स्वस्ताईही बरीच ओसरेल, कारण तेथेही तीच बाई चाळीस जणांमागे राबत असते.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो : आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, भावंडे सांभाळतील, मग परक्या घराचा खटाटोप कशाला? भावंडे सांभाळतातही, पण त्याची किंमत वहिनी किंवा न लग्न केलेली बहीण चुकवते आणि तिची संमती क्वचितच विचारली जाते. शिवाय चाळिशीच्या पुरुषाला आयुष्यभर कोणाचा तरी धाकटा भाऊ म्हणूनच जगावे लागणे हेही काही सुख नव्हे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कविषयक करार आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही समाजात राहण्याचा हक्क सांगतात, आणि विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करू नये असेही बजावतात. ही सक्ती संस्थेची असो की माजघराची, कायद्याच्या लेखी फरक नसावा. शेजाऱ्यांचा विरोध हा तिसरा आक्षेप. याबाबत शिकण्यासारखे काम मनोरुग्णालयांच्या बाजूने झाले आहे. बरे होऊनही घरी न जाऊ शकलेल्यांसाठी ‘द बनियन’ या संस्थेने २०१५ पासून भाड्याच्या साध्या घरांत चारपाच जणींची बिऱ्हाडे मांडली; तमिळनाडूतला हा प्रयोग पुढे महाराष्ट्रातही आला. टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी नागपूरच्या मनोरुग्णालयात २०१६ मध्ये ‘उडान’ प्रकल्प हाती घेतला, त्यातही बंद वॉर्डाकडून वस्तीकडे जाण्याची दिशा आहे. मानसिक आजारातून उठलेल्यांविषयी शेजाऱ्यांच्या मनात भीती अधिक असते. तरीही भाड्याची घरे मिळाली, तर बौद्धिक दिव्यांगांना ती मिळणार नाहीत असे धरून चालण्याचे कारण नाही.

कायद्याची चौकट तुटपुंजी आहे असे नाही, ती विस्कळीत आहे. २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. समितीपुढे अर्ज येतात ते बहुधा बँकेने खाते अडवले किंवा निवृत्तिवेतनाचे कागद रखडले म्हणून. तोवर घर, पैसा आणि पालकत्व या तीन किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हे ठरून गेलेले असते. या तिन्ही किल्ल्या एकाच संस्थाचालकाच्या खिशात असू नयेत, हा छोट्या निवासगृहांचा पहिला नियम असायला हवा. जेथे त्या तशा असतात, तेथे जेवण बेचव आहे म्हणून कुरकुर करणाऱ्याला जाण्यासाठी दुसरी जागा उरत नाही.

नागपूरला या बाबतीत एक अनुकूलता आहे. रेल्वे, महालेखापालांचे कार्यालय, कोळसा कंपनी, राज्य शासन यांतून निवृत्त झालेल्यांचे हे शहर आहे. त्यांतील अनेकांचे सुधार प्रन्यासाच्या लेआउटमध्ये स्वतःचे घर असते, आणि सरकारी नोकरीतील जुन्या निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळते. अशा चारपाच कुटुंबांपैकी एकाने आपले घर स्वतंत्र न्यासाच्या नावे केले, बाकीच्यांनी आपल्या मुलाच्या निवृत्तिवेतनातून भाडे आणि काळजीवाहकांचा वाटा दिला आणि न्यासावर वस्तीतले दोघेतिघे घेतले, तर शासनाच्या नव्या अनुदानाची वाट न पाहता घर उभे राहू शकते. अडचण येते ती घराच्या सातबारात किंवा आखीव पत्रिकेत. इतर भावंडांचा हिस्सा आईवडील जिवंत असतानाच, सर्वांच्या सह्यांनी सोडवून घ्यावा लागतो. आणि बहुतेक घरांत हा विषय वडिलांच्या तेराव्यानंतर, वकिलाच्या नोटिशीनेच प्रथम निघतो.