शब्दवेध : ग्रेप

देवनागरीत लिहिलं की हा शब्द थेट नाशिकच्या मळ्यात जातो, पण द्राक्षांशी त्याचं काडीचंही नातं नाही. फायलींच्या ढिगातून हवा तो मजकूर असलेल्या ओळी उपसून देणारी ही युनिक्स या संगणक-प्रणालीची आज्ञा. जन्म अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला.

तिथे ‘एड’ नावाचा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम होता. त्यात ओळी शोधायच्या तर आधी ‘जी’ लिहायचं, म्हणजे ग्लोबल, अख्ख्या फाइलभर. मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात ‘आर-ई’. शेवटी ‘पी’, प्रिंट. हे प्रिंट अक्षरशः खरं होतं. टेलिटाइप खडखडत कागदावर ओळी उमटवायचं. रेघा गाळल्या, उरलं ग्रेप.

तिथल्याच ली मॅकमहन यांना अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या १७८७-८८च्या ‘फेडरलिस्ट पेपर्स’मधल्या काही निबंधांचा लेखक भाषेवरून ताडायचा होता. ८५ निबंधांचं ते बाड एडच्या मेमरीत मावेना. त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी मग एडमधला शोधाचा भाग सुटा केला. १९७३मध्ये तो युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत आला. पुढे संगणकवाले त्याचं क्रियापद करून मोकळे झाले आणि ऑक्सफर्डच्या कोशानेही ते पदरात घेतलं.

अर्थाशी मात्र ग्रेपला देणंघेणं नाही, फक्त अक्षरं जुळली पाहिजेत. ‘काम’ शोधायला सांगा, ‘मुक्काम’ही येईल आणि ‘रिकामा’ही!